दोन पाकळ्यांचा ल

"बाळा, हा ल आपला नाहीये."

दादरच्या प्रिंटवाल्या काकांनी माझ्या पोस्टरवर बोट ठेवून एवढंच म्हटलं. एटू साइझ, वर भलंमोठं 'लोकल', म्हणजे चूक एकदा नाही, दोनदा.

मग त्यांनी बिल उलटं केलं, बॉलपेनने आधी काना ओढला आणि डावीकडे दोन गोल पाकळ्या काढल्या, एका झटक्यात. "असा. तुझा हिंदीतला आलाय." फ्लेक्स यायच्या आधी काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे म्हणे.

मी तीन वर्षं कम्युनिकेशन डिझाइन शिकतेय, इंग्रजी अक्षरांमधल्या अर्ध्या मिलिमीटरवरून भांडते आणि मला हे दिसलंच नाही! घरी येऊन बघितलं तर त्याच फॉन्टमध्ये मराठी ल होता, सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की येतो, मी कधी निवडलीच नव्हती, बाय डिफॉल्ट हिंदी. (शासनाने २००९ साली मराठी ल-श कसे काढायचे याचा जीआर काढलाय, तोही आजच कळला.)

आणि विंडोजमधला मंगल हा देवनागरी फॉन्ट करणारे र. कृ. जोशी याच मुंबईत, पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवायचे. आमच्या प्रेझेंटेशनमध्ये मात्र स्विस पोस्टरं.

पोर्टफोलिओत सहा मराठी कामं आहेत. आत्ता रात्री एक वाजता एकेक उघडतेय. चौथ्यात श पण तसलाच निघाला.

इंटरव्ह्यूला हे कोणी पकडेल का हो, की तिथेही कोणाला दिसणार नाही?