तुम्ही विचारलंत म्हणून: ‘काळ्या’ म्हटलं तर बिघडलं कुठं?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मी बरीच वर्षे फुटबॉलचा पंच म्हणून उभा राहिलो आणि आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून गॅलरीत बसतो. तिथे ओळखीचे लोक हटकून एक प्रश्न विचारतात : “सर, आपण पोरापोरांत एकमेकांना काळ्या म्हणतोच की, कुणाला राग येत न्हाई. मग त्या परदेशी प्लेयरला म्हटलं की लगेच वर्णद्वेष कसा काय?” विचारणारा बहुधा खोडसाळपणे विचारत नाही, म्हणून उत्तर नीट द्यावे असे वाटते.

प्रश्नाचा पहिला भाग बव्हंशी खरा आहे. शिवी घालून ख्यालीखुशाली विचारणारे हे गाव आहे, आणि प्रत्येक गल्लीत एखादा ‘काळ्या’ असतो. ज्यांनी त्याला हे नाव पाडले त्यांच्याच घरी तो पांढरा रस्सा ओरपतो, आणि त्यांना ‘जाड्या’, ‘टकल्या’ म्हणून परतफेडही करतो. (त्याला राग येत नाही, हे मात्र आपण त्याला विचारून ठरवलेले नाही, त्याच्या लग्नासाठी स्थळे पाहताना घरात काय बोलले गेले, ते त्यालाच ठाऊक.) नायजेरियाहून एखाद्या हंगामापुरत्या आलेल्या मुलाला मात्र ना आपली भाषा येते, ना परतफेडीची सोय असते. गॅलरीतून शेकडो लोक ज्याला ओळखतही नाहीत त्याला एका सुरात तो शब्द ऐकवतात, तेव्हा गल्लीतल्या मायेचा दाखला तिथे लागू पडत नाही.

‘आमच्याकडे हा शब्द साधा आहे’ ही सबब युरोपातही देऊन झाली आहे. 2011 मध्ये लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझने मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्राला उद्देशून वापरलेला शब्द उरुग्वेत सर्रास चालतो, असा बचाव झाला होता. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने तो मानला नाही आणि त्याला आठ सामन्यांची बंदी व 40,000 पौंडांचा दंड केला. आपल्याकडचे उदाहरण क्रिकेटचे आहे. आयपीएलमध्ये आपल्याला ‘कालू’ म्हणत आणि त्याचा अर्थ बळकट घोडा असावा असे आपण समजत होतो, हे वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीने 2020 मध्ये, खरा अर्थ कळल्यावर, सांगितले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात पॅरिसमध्ये जे घडले ते वाचून मात्र मी गप्प झालो. पॅरिस सेंट-जर्मेन आणि इस्तंबूल बाशाकशेहिर यांच्या सामन्यात रोमानियाचे चौथे पंच आपल्या सहकाऱ्याला बाकावरचा एक माणूस ओळखून देत होते, आणि ‘तो काळा’ असे ते रोमानियन भाषेत बोलून गेले. तो माणूस म्हणजे बाशाकशेहिरचे सहायक प्रशिक्षक, मूळ कॅमेरूनचे पिएर वेबो. त्याच संघाचा राखीव खेळाडू डेम्बा बा त्या पंचांना विचारत राहिला की, गोऱ्या माणसाबद्दल बोलताना तुम्ही ‘तो गोरा’ म्हणत नाही, मग काळ्याबद्दल बोलतानाच रंग का सांगता? दोन्ही संघ मैदान सोडून गेले, उरलेला सामना दुसऱ्या दिवशी वेगळ्या पंचांनी खेळवला, आणि त्या चौथ्या पंचांना पुढे हंगाम संपेपर्यंत निलंबित करण्यात आले.

हेच मी त्याच्या कितीतरी आधी कोल्हापुरात केले होते. कॉर्नरच्या वेळी गोलसमोर झटापट झाली, मुख्य पंच धावत माझ्याकडे आले आणि कोपर कुणी मारले असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, “तो काळा.” त्याच्या पाठीवर वीतभर उंचीचा पांढरा 9 आकडा होता आणि तो मला स्वच्छ दिसत होता. त्या झटापटीतला दुसरा कुणीही असता तर मी नंबरच सांगितला असता. तो मुलगा चार पावलांवर उभा होता. मराठी त्याला येत नव्हती. तेवढा एक शब्द मात्र गॅलरीने त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. मुख्य पंचांनी पिवळे कार्ड काढले, पण त्याने त्याकडे पाहिले नाही. तो माझ्याकडे पाहत होता. मग तो खाली बसला आणि बांधलेलीच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला.

तेव्हा माझ्या मनात द्वेष नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्या रोमानियन पंचांनाही तेच सांगावे लागले असेल.

आता दिवस पालटत आहेत. व्हॅलेन्सियाच्या मैदानावर 2023 मध्ये रेआल माद्रिदच्या ब्राझिलियन व्हिनिसियस ज्युनियरला वर्णावरून हिणवणाऱ्या तीन प्रेक्षकांना स्पेनच्या न्यायालयाने 2024 मध्ये आठ महिन्यांच्या कैदेची शिक्षा ठोठावली. त्याच वर्षी फिफाने मनगटे एकमेकांवर ठेवून तक्रार करण्याची खूण आणली. त्यानंतर पंच आधी खेळ थांबवतो, मग संघांना बाहेर नेतो आणि तरीही प्रकार थांबला नाही तर सामना रद्द करतो.

आमच्या गॅलरीत अजून तशी वेळ आलेली नाही. मागच्या हंगामात माझ्या पुढच्या पायरीवरचे एक गृहस्थ “ए काळ्या, हाण की!” म्हणून ओरडले, तेव्हा शेजारचा चौदा-पंधरा वर्षांचा भाचा वैतागून म्हणाला, “मामा, नाव हाय की त्याला.” मामांनी नाव विचारून घेतले, दोनदा त्याची पार वाट लावली, तिसऱ्यांदा ते कसेबसे जमवले. पाचच मिनिटांत त्या खेळाडूने मोकळा गोल चुकवला आणि मामांनी त्याला नावानिशी सणसणीत शिवी घातली, अगदी पेठेतल्या पोरांना घालतात तशीच.