इमला उतरवण्याचा क्रम

बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका जुन्या व्यापारी इमारतीच्या पाडकामाचा आराखडा तयार करण्याचे काम गेले दोन महिने माझ्याकडे आहे. तळमजल्यावर पाच दुकाने, वरच्या दोन मजल्यांवर वकिलांची आणि कर सल्लागारांची कार्यालये, एका बाजूला भांड्यांच्या दुकानाशी सामाईक भिंत आणि समोर दिवसभर वाहता रस्ता, अशी ती जागा आहे.

बडोद्यात जुना इमला उतरवणारा ठेकेदार पुष्कळदा मालकाकडून पैसे घेत नाही. उलट तोच मालकाला देतो, कारण सागवानी तुळया, दारे-खिडक्या आणि लोखंडी गर्डर विकून त्याचा खर्च निघतो. हा व्यवहार जुना आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्यामुळे ज्याला भाव आहे ते आधी काढण्याकडे कल राहतो, आणि ज्याला भाव आहे नेमके तेच बहुधा इमारतीला तोलून धरत असते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जागी जिन्याखालचे दोन सागवानी खांब पहिल्याच दिवशी काढून नेले होते आणि त्या रात्री जिना खाली बसला. आत कोणी नव्हते, एवढेच. तेव्हापासून क्रम कागदावर ठरल्याशिवाय एकही पहार चालू द्यायची नाही, असा माझा आग्रह असतो.

जे शेवटी बांधले ते आधी उतरवावे, हे यातले मूळ सूत्र आहे. परंतु ते पाळायचे तर इमारत कशी उभी आहे, हे प्रत्येक खणात जाऊन पाहावे लागते. आमच्या इमारतीचे मजले गर्डरांमधल्या विटांच्या उथळ कमानींचे आहेत. प्रत्येक कमान आपल्या दोन्ही गर्डरांना बाहेर रेटते, शेजारची कमान तो रेटा परतवते, आणि कडेच्या खणात हे काम गर्डरांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या लोखंडी ताणसळ्या करतात. एक पूर्ण कमान फोडली, की शेजारच्या गर्डरवर एकाच बाजूचा रेटा उरतो. म्हणून पाडकामाच्या सुरक्षिततेविषयीचे भारतीय मानक, आयएस ४१३०, सांगते की असा मजला गर्डरांना काटकोनात, अरुंद पट्ट्यांनी उतरवावा आणि साऱ्या कमानी निघेपर्यंत ताणसळ्या कापू नयेत. त्या सळ्या भंगारात पटकन विकल्या जातात, म्हणून मी प्रत्येक सळीला लाल रंग लावून घेतला आहे.

दुसरी जागा रस्त्याकडच्या सज्जाची. तो भिंतीतून पुढे आलेल्या दगडांवर टेकलेला आहे, आणि त्या दगडांची मागची टोके वरच्या भिंतीच्या वजनाने दाबून धरली आहेत. भिंत उतरत गेली, की ते वजन कमी होते आणि सज्जा पुढे कलंडतो. त्यामुळे वरची पहिली वीट निघण्याआधी सज्जाला खालून टेकू हवेत, आणि टेकूंसाठी पदपथ बंद हवा.

नोएडातील दोन मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी स्फोटकांनी काही सेकंदांत पाडले गेले, तेव्हापासून मालक मंडळी तोच मार्ग सुचवतात. सामाईक भिंत असलेल्या बाजारपेठेत त्याचा विचारही करता येत नाही. येथे हाताने आणि छोट्या यंत्रांनीच, वरून खाली यायचे.

सामाईक भिंतीच्या शेजाऱ्यांकडे मी तीनदा गेलो. "साहेब, ही भेग आमच्याकडे आधीपासून आहे, तेही लिहून ठेवा," असे त्यांनी आपण होऊन सांगितले. प्रत्येक भेगेचे तारखेसह छायाचित्र घेतले आणि भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लॅस्टरने बसवली. पट्टी तडकली, की भिंत हलली असे समजून काम थांबवायचे. उघडी पडणारी त्यांची बाजू पावसाआधी गिलावा करून देण्याची जबाबदारी मालकाने लेखी घेतली आहे.

वीज तोडल्याचा कागद हातात आला होता, तरीही मी जिन्यातल्या जुन्या वायरीला टेस्टर लावला आणि तो पेटला. मागच्या गल्लीतल्या एका दुकानाची जोडणी आमच्या भिंतीतून गेलेली निघाली. ती हलवण्यात दहा दिवस गेले, आणि ते जायलाच हवे होते.

राडारोड्याबाबत २०१६ च्या नियमांनुसार, जे ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू होते, दिवसाला २० टनांहून किंवा महिन्याला ३०० टनांहून अधिक मलबा निघत असेल, तर तो वेगळा करून ठेवावा लागत असे आणि त्याची योजना आधी स्थानिक संस्थेला द्यावी लागत असे. मला मलबा मजल्यावर साचण्याची जास्त काळजी वाटते. पडलेल्या विटांचा ढीग त्या कमानींना पेलवणार नाही. म्हणून बंद नळकांड्यातून तो रोज खाली, पाणी मारून, संध्याकाळपर्यंत बाहेर.

उत्तरायणाचे दोन दिवस काम पूर्ण बंद राहील, कारण शेजारच्या गच्च्या तेव्हा पतंग उडवणाऱ्या मुलांनी भरलेल्या असतात आणि आमच्या गच्चीवर उडी मारून येणे त्यांना सोपे आहे. तिथली वाट पत्र्याने बंद केली आहे. १६ जानेवारीला सकाळी गच्चीच्या कठड्यापासून सुरुवात होईल, आणि ठेकेदाराने सागवानाची गाडी फेब्रुवारीअखेर बोलावण्याचे मान्य केले आहे.