पेपर वाचता येतोय का बघ

ऑगस्ट २०१९ चा महापूर. कोल्हापूरला शिरोलीजवळ हायवे बंद, शहरात पेट्रोल मिळेना, आणि मी आमच्या छोट्या हॉस्पिटलात सलग तिसऱ्या दिवशी ड्युटीवर कारण मला सोडवायला येणारा डॉक्टर पाण्याच्या पलीकडं.

दुपारी ट्रॅक्टरमधनं एकाला आणलं. चाळिशीतला गडी, म्हशी उंचावर हलवताना एक बिथरली आणि तिनं ह्याला गोठ्याच्या खांबावर दाबला. डाव्या बरगडीखाली खरचटलेलं, पोट मऊ, बाकी काय दिसेना. त्याचा आपला एकच घोषा, "डाक्टर, खांदा लई दुखतोय बघा." मी खांदा हलवून बघितला, व्यवस्थित हलतोय, म्हटलं दावं ओढून लचकला असंल, आणि डायक्लोचं, म्हणजे दुखणं थांबवायचं, इंजेक्शन देऊन मोकळा झालो. आजही लिहिताना लाज वाटते.

तासाभरानं सिस्टरनी हाक मारली. नाडी १२४, बीपी ९०, तळहात गार. आमचे सर्जन सर वरच्याच मजल्यावर राहतात, ते आले आणि पहिला प्रश्न, कुठला खांदा? डावा. दाबल्यावर दुखतो? नाही. सरांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा रक्तानं भरलेला अवयव, फुटून रक्त श्वासपटलाखाली (छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली) साठलं की कळ डाव्या खांद्यात येते, हे मी परीक्षेत मार्कांसाठी लिहिलेलं!

सलाईनवर बीपी जरा चढायचं, परत घसरायचं. रेडिओलॉजिस्ट पुरात अडकलेले आणि पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी) कायद्यामुळं नोंदणी नसलेल्यानं सोनोग्राफी मशिनला हात लावायचा नाही, सीटी सेंटरला लाईट नाही, आणि ह्या बीपीवर पेशंटला पाण्यातनं हलवणार कुठं? सर म्हणाले, लॅव्हाज करू. डीपीएल, म्हणजे पोटात नळीनं सलाईन सोडायचं, परत बाहेर घ्यायचं आणि त्यात रक्त येतंय का बघायचं; १९६५ पासूनची पद्धत, सोनोग्राफी आल्यावर माळ्यावर गेलेली, मी फक्त वाचलेली.

आधी लघवीची नळी आणि राईल्स ट्यूब (नाकातनं जठरात जाणारी नळी), म्हणजे मूत्राशय आणि जठर रिकामं राहून टोचलं जात नाही. भूल फक्त बेंबीखालच्या जागेपुरती. सरांनी छोटा छेद घेतला, एकेक थर उचलून पोटाचं आतलं अस्तर उघडलं, नळी आत सरकवली. सिरिंज ओढली. १० मिली रक्त सहज आलं असतं तर तिथंच निकाल लागला असता, पण आलं दोन-तीन मिली गुलाबी पाणी. मग बादलीतल्या गरम पाण्यात कोमट केलेली एक लिटर रिंगर लॅक्टेट सलाईनची बाटली आत सोडली, पोट हळूहळू हलवलं आणि रिकामी बाटली जमिनीवर ठेवली.

नळीतनं पाणी उलटं यायला लागलं. लाल.

एका घन मिलिमीटरला एक लाखाच्या वर तांबड्या पेशी म्हणजे पॉझिटिव्ह, पण मोजायला लॅबवाला कुठाय? सर म्हणाले, "मावशी, पेपर आणा." मावशींनी चार दिवसांपूर्वीचा पेपर आणला, मी नळी त्याच्यावर धरली. "वाचता येतोय का बघ." मथळा अंधुक दिसत होता, खालचं एक अक्षर लागंना. म्हणजे पाण्यात रक्त भरपूर.

"उघडायचं."

भूलतज्ञ गुडघाभर पाण्यातनं चालत आले. पोटात दीडेक लिटर रक्त, प्लीहा मधोमध चिरलेली, काढून टाकली. ब्लड बँकेच्या दोन पिशव्या कुणीतरी बोटीतनं पोचवल्या, कुणी ते अजून माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी राऊंडला गेलो तर गडी उठून बसलेला. प्लीहा नसल्यामुळं कुठल्या लसी घ्यायच्या ते समजावत होतो, त्याचं लक्ष दुसरीकडंच.

"डाक्टर, तुमच्या त्या इंजेक्शननं खांदा गप झाला बघा."

सर शेजारीच उभे होते.