थाळकऱ्याकडची रात्र

१९९९ ला कारगिलच्या युद्धात द्रासमध्ये तोफेवर असलेले एक निवृत्त हवालदार आठ महिने माझ्याकडे मानसोपचारासाठी येत होते. दर गुरुवारी सुरगाण्याकडून एसटीने नाशिकला यायचे आणि खुर्ची भिंतीला लावून बसायचे. दिवाळीत तर घर सोडून रानात झोपायचे. निदान स्पष्ट होतं, पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणारा आघात. गोळ्यांनी झोप जरा लागू लागली, पण त्या दिवसाबद्दल विचारलं की एकच उत्तर यायचं, "गोळा पडला मॅडम, दोन पोरं गेली." नावं कधीच नाहीत.

मार्गशीर्षात त्यांची आई म्हणाली, "बाई, भगताकडं बसवते त्याला. तुम्हीपण या."

मी गेले. भगत म्हटलं की आपल्याला लिंबू, कोंबडं आणि लुबाडणूकच आठवते. तसे भोंदू आहेतच, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही झाला. म्हणून आधीच बजावलं, गोळ्या बंद करायच्या नाहीत. भगतबाबा म्हणाले, "मला बीपीची गोळी आहे. मी करतो का बंद?"

रात्री थाळ मांडला. काशाच्या थाळीत मधोमध मेणाने एक बारीक काडी उभी केलेली. थाळकरी तिच्यावरून चिमटीने बोटं खाली ओढत राहतो आणि थाळीतून एकसुरी घुमारा निघतो. तो कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. त्यावर कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची कथा. पाड्यावरची तीसेक माणसं भिंतीला टेकून जागी होती.

पहाटेच्या सुमाराला भगतबाबांनी सुपात तांदळाचे दाणे टाकले, बराच वेळ पाहिले. "तुझ्यासंगं दोघं चालत आलेत. उपाशी आहेत. काय म्हणायचं त्यांना?"

हवालदारांनी दोन नावं घेतली. मग गावंही सांगितली, एकाचं बिहारमधलं, दुसऱ्याचं सातारा जिल्ह्यातलं. थाळकऱ्याने ती दोन्ही नावं गाण्यात ओवली. आईने दोन द्रोणांत भात वाढला.

मेलेली माणसं तिथे आली होती असं मी मानत नाही. पण मी टेबलापलीकडून, घड्याळ बघत, एकटीने विचारत होते. इथे अख्खा पाडा त्यांच्यासाठी जागला होता. अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींत लढाईहून आलेल्यांसाठी 'एनिमी वे' नावाचा विधी असतो, त्यातही नातलग असे भोवती असतात. ते मी वाचलेलं होतं, कळलं त्या रात्री. आणि इंग्रजांच्या काळात आपल्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत खंगलेल्या गोऱ्या सोल्जरांवरून इंग्रजीत वेडसराला 'डूलॅली' म्हणू लागले. त्यांच्यासाठी कोण जागलं असेल, हे मनातून जात नाही.

पुढच्या गुरुवारी हवालदार प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो घेऊन आले. तोफेपुढे सहा जण. डावीकडच्यावर बोट ठेवून म्हणाले, "याचं लग्न ठरलं होतं, मॅडम." त्या दिवशी मी पुढची अपॉइंटमेंट रद्द केली.