आमची वाटचाल: गिझरच्या कॉइलपासून गच्चीवरच्या हीट पंपापर्यंत

आमचं दुकान इंदुरात रामबागेत. सुरुवात गिझर दुरुस्तीची: कॉइल बदला, थर्मोस्टॅट बदला, टाकीतला क्षार खरवडा. माळव्याची जमीन काळ्या बेसाल्टची, त्यातून येणारं बोरिंगचं पाणी जड. नर्मदेचं त्या मानानं हलकं, पण पुष्कळ घरांत दोन्ही एकाच टाकीत पडतं. कॉइलवर पांढरा थर चढला की उष्णता पाण्यात उतरत नाही, कॉइलच तापून फुटते. त्याच कामातून हीट पंपाकडे वळलो. आता जुना गिझर काढून हीट पंप बसवणं हाच मुख्य धंदा.

गिऱ्हाईक आधी विचारतं, वाचतं किती? 1 युनिट विजेत 860 किलोकॅलरी उष्णता. 200 लिटर पाणी 20 अंशांवरून 55 वर न्यायला 7000 किलोकॅलरी, म्हणजे 8 युनिटांच्या थोडं वर. गिझरला तेवढी वीज लागणारच, स्टार कितीही असोत. ते स्टार टाकीच्या आवरणातून उष्णता किती कमी झिरपते तेवढंच सांगतात. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, एसीचंच तंत्र. 1 युनिटाला 3 युनिटांची उष्णता धरली तर तेच पाणी पावणेतीन युनिटांत तापतं.

पण हे प्रत्येक घराला परवडतं असं नाही. बादलीनं आंघोळ करणाऱ्या पाच जणांना 20 लिटरप्रमाणे 100 लिटर कोमट पाणी लागतं. त्यात 50 अंशांचं पाणी 67 लिटर, बाकी गार. त्यांनी 200 लिटरची टाकी घेऊन काय करायचं? शॉवरवाल्यांचं वेगळं: मिनिटाला 8 लिटर, सहा मिनिटं, पाच माणसं, म्हणजे 240 लिटर कोमट, त्यात 160 गरम. तिथे 200 ची टाकी बरोबर. नवराबायको दोघंच आणि वापर फक्त थंडीत, अशांना आम्ही सरळ सांगतो, 15 लिटरचा गिझरच बरा.

खरं काम जागेचं. 200 लिटरचं एकसंध मशीन, म्हणजे टाकी आणि हीट पंप एकाच सांगाड्यात, भरलं की 300 किलोच्या आसपास जातं, ते चार पायांवर. गच्चीच्या स्लॅबच्या मधोमध कधीच नाही. खाली भिंत किंवा बीम असेल तिथे, 10 सेंटीमीटरच्या काँक्रीटच्या ओट्यावर, वॉटरप्रूफिंग न फोडता. खाली झोपायची खोली नको, कॉम्प्रेसर घुमतो. बंद स्टोअररूममध्ये तर नकोच. मशीन गार हवा सोडतं, तीच परत ओढतं आणि तासाभरात खोलीच थंड करून बसतं. मग पाणी तापता तापत नाही आणि दोष मशीनला.

दुसरी चूक उंचीची. मशीन पावणेदोन मीटर उंच. घराची टाकी शेजारीच, गच्चीच्याच पातळीवर असेल तर मशीनमधली टाकी वरपर्यंत भरतच नाही. घराच्या टाकीचा तळ मशीनच्या डोक्यापेक्षा वर हवा, म्हणून जिन्यावरच्या खोलीच्या छतावरची टाकी सोयीची. ते जमत नसेल तर प्रेशर पंप, पण तो गार आणि गरम दोन्ही लाइनींना एकच. गार पाणी पंपाचं आणि गरम नुसतं उंचीवरून, असं ठेवलं की गार-गरम एकत्र करणारा मिक्सर नळ उघडताच गार पाणी गरम लाइनीत उलटं घुसतं. नळाला गरम येत नाही आणि बोलावणं आम्हाला येतं.

पाईपही मोजूनच. 15 मीटर पाऊण इंची सीपीव्हीसीत (गरम पाण्याचा प्लास्टिक पाईप) पावणेचार लिटर पाणी मावतं, म्हणजे प्रत्येक वेळी तेवढं गार पाणी आधी सोडायचं. एकाच बाथरूमला अर्धा इंची टाकली की ते निम्म्यावर येतं. इन्सुलेशन नायट्राइल रबराचं, 13 मिलिमीटर. गच्चीवर त्याला उन्हापासून झाकण हवंच, नाहीतर भुगा होतो.

जुना गिझर काढताना एमसीबी बंद, टेस्टर लावून खात्री, अँगल कॉक बंद, गरम नळ उघडा, मग इनलेटची नळी सोडा. 25 लिटर पाणी बाहेर येईपर्यंत भिंतीवरून उचलायचा नाही. हीट पंप उभाच आणायचा. टेम्पोत आडवा झाला असेल तर उभा करून 24 तास थांबा, कॉम्प्रेसरचं तेल जागेवर बसू द्या. वीज द्यायच्या आधी गरम नळातून हवेशिवाय एकसारखी धार यायला हवी. रिकाम्या टाकीत बॅकअप कॉइल, म्हणजे मशीनमधली जादाची गिझरसारखी कॉइल, लागली की जळलीच. 16 अँपिअरचा एमसीबी, करंट गळला की वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, नीट अर्थिंग.

सेफ्टी व्हॉल्व्हची तक्रार सगळ्यात जास्त. इनलेटला नॉन रिटर्न (एकाच दिशेनं पाणी सोडणारा) व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे तापून फुगलेलं पाणी मागे जाऊ शकत नाही. 200 लिटर 20 वरून 60 ला गेलं की सुमारे 3 लिटर वाढतं आणि व्हॉल्व्हमधून ठिबकतं. ते ठिबकायलाच हवं. तिथे डमी (बूच) लावून ते बंद करणारे प्लंबर आम्ही पाहिलेत. टाकी फुटायची वाट पाहणंच ते. व्हॉल्व्हची नळी आणि कंडेन्सेटची (हवेतून मशीनवर जमणाऱ्या पाण्याची) नळी दोन्ही उतार देऊन मोरीत सोडा.

वीज वाचत नसेल तर वायरभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावा. नुसता कॉम्प्रेसर 3 ते 4 अँपिअर घेतो. 9-10 दिसले तर बॅकअप कॉइल चालू आहे. ती सहसा 'ऑटो'वर राहिलेली असते. टायमर पहाटेचा लावू नका. जानेवारीत पहाटे इंदुरात 10 अंश, दुपारी पंचविशीच्या आसपास. दुपारी 12 ते 4 तापवा, जाड पफच्या (फोमच्या) आवरणाची टाकी सकाळपर्यंत चार-पाच अंशच सोडते. सेटिंग 50-52, वर नेलं की क्षार धरतो. आठवड्यातून एकदा मात्र 60, जंतूंसाठी.

भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या होस्टेलांचं काम निराळं. 40 मुलं, 20 लिटरप्रमाणे 800 लिटर. हीट पंप वेगळा, टाकी वेगळी, मधे पाणी फिरवणारा सर्क्युलेशन पंप आणि वाय स्ट्रेनर, म्हणजे गाळ अडवणारी जाळी. आतल्या गॅसचं प्रेशर चढून मशीन बंद पडलं (हाय प्रेशरवर ट्रिप झालं) की लोक आधी गॅस तपासायला धावतात. आम्ही आधी स्ट्रेनर उघडतो. जाळी गाळानं भरली की पाण्याचा प्रवाह घटतो, उष्णता जायला वाट नसते, प्रेशर चढतं. जाळी धुवायला दहा मिनिटं.

टाकीला गंज लागू नये म्हणून आत स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची दांडी असते, ती बोरिंगच्या पाण्यात वर्षाला बघायची. ती वरून निघते, म्हणून वर शेड टाकताना दांडीच्या लांबीइतकी मोकळी जागा सोडायला सांगतो. नाही सोडली तर दांडी बाहेर येत नाही, शेडच उचकटावी लागते.