आमची वाटचाल : पोर्ट 53 चा पूर आणि आम्ही

इंटरनेट सेवा पुरवणारी आमची छोटी कंपनी आज भक्कम उभी असली, तरी एकदा ती बुडता बुडता वाचली, आणि त्या संकटाचा दोष आमच्याच माथी मारला गेला याची खंत अजून जात नाही.

त्या संध्याकाळी अपलिंकवरील (आम्हाला बाकीच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या तारेवरील) अपलोडचा आलेख एकाएकी माथ्याला भिडला आणि एकाही ग्राहकाचे पान उघडेना. आमचे पहिले कनेक्शन घेणाऱ्या पॅथॉलॉजी लॅबच्या डॉक्टर बाईंनी, त्यांचे रिपोर्ट अडकलेले असतानाही, आम्हाला स्वतःच्या टेबलावर लॅपटॉप मांडू दिला. लॅबच्या राउटरच्या बाहेरच्या बाजूला स्विच घालून, त्याचा पोर्ट मिरर करून (म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांची प्रत लॅपटॉपकडे वळवून) टीसीपीडंप हे पॅकेटे दाखवणारे साधन चालवले, तेव्हा ओळीमागून ओळ तीच दिसू लागली : एकच आयपी पत्ता, एकच डोमेन, प्रकार ‘एनी’, म्हणजे त्या डोमेनची असेल ती सगळी माहिती मागणारा प्रश्न. ग्राहकांच्या राउटरमधील डीएनएस सेवा, म्हणजे डोमेनच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणारी, पोर्ट 53 वर चालणारी सेवा, बाहेरच्यांनाही उत्तरे देत होती. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घातलेला साठेक बाइटचा प्रश्न आत येई आणि तीन हजार बाइटचे उत्तर, प्रश्न न विचारलेल्या भलत्याच पत्त्यावर जाई. 2013 मध्ये स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेवर सुमारे 300 गिगाबिट प्रतिसेकंदाचा मारा झाला, तो याच पद्धतीने.

आमच्या वरच्या पुरवठादाराने काही न विचारता जोडणी तोडली आणि आम्हाला हल्लेखोर ठरवले. खोट्या पत्त्याची पॅकेटे उगमाशीच अडवावीत, असे बीसीपी 38 या इंटरनेट जाळ्यांसाठीच्या मार्गदर्शक दस्तऐवजात 2000 सालापासून लिहिलेले आहे. ही पॅकेटे त्यांच्याच तारेवरून आली होती, याचा मात्र उच्चारही झाला नाही. तेवढ्यात एका प्रतिस्पर्ध्याने आमच्या ग्राहकांना फोन करून “त्यांचे नेटवर्क हॅक झाले आहे” असे सांगायला सुरुवात केली. बरेच ग्राहक गेले, आणि जाताना तेच सदोष राउटर सोबत घेऊन गेले. डॉक्टर बाई गेल्या नाहीत.

एज राउटरवर (आमच्या जाळ्याच्या वेशीवरील राउटरवर) ग्राहकांकडे येणारे यूडीपी (डीएनएसचे प्रश्न ज्या पद्धतीने पाठवले जातात ती) पोर्ट 53 बंद करताच पूर ओसरला. मग घरोघरी जाऊन राउटरांचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) बदलले. ज्या राउटरांना नवे फर्मवेअरच नव्हते, ते आमच्या खर्चाने बदलून दिले. त्यानंतरची वर्षे सुरळीत गेली.

या व्यवसायातील नव्या मंडळींना सांगावेसे वाटते की, असाच मारा इतर पोर्टांवरूनही होतो; त्यांपैकी एसएसडीपीचे (घरातील उपकरणे एकमेकांना शोधतात त्या पद्धतीचे) पोर्ट 1900 बिनधास्त बंद करावे, पण एनटीपीचे (घड्याळ जुळवण्याच्या सेवेचे) 123 सरसकट बंद करू नये, कारण अनेक उपकरणे वेळ विचारतानाही तेच पोर्ट वापरतात. तिथे ग्राहकाकडून बाहेर जाणारी मोठी पॅकेटे तेवढी अडवावीत; वेळेच्या साध्या उत्तराला 48 बाइट पुरतात.