आमची वाटचाल : पान्याचा ठोका

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत २००३ साली भाड्याच्या गाळ्यात आम्ही पहिली पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारं आणि वाकवणारं मशीन, बसवली. तेव्हा मी, दोन ऑपरेटर आणि डाय फिटर, म्हणजे प्रेसमध्ये डाय (साचा) बसवणारे, मामा, एवढीच माणसं होती. पत्र्याचे ब्रॅकेट, वॉशर, क्लिपा असं काम. आज सहा प्रेस आहेत आणि आम्ही एकोणीस जण आहोत. कर्ज कसं काढलं, कसं फेडलं, ते वसाहतीतल्या कुठल्याही गाळ्यात ऐकायला मिळेल. आमची खरी वाटचाल २०१२ सालच्या एका दुपारी सुरू झाली.

आमच्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे वरचा जड ठोकळा, खाली येतो, म्हणजे हात डायच्या बाहेर राहतात. त्या दिवशी एका प्रेसचं उजवं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं होतं. त्याने काम भराभर होतं. मला ते माहीत होतं. गाडी संध्याकाळी निघायची होती, म्हणून मी दिसूनही बोललो नव्हतो. वर मीच त्या मुलाच्या पाठीमागे उभा राहून बर (कापलेल्या कडेला राहणारी धार) येतेय, माल परत येईल, म्हणून ओरडत होतो. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, डाव्या हाताने बटण दाबलं, आणि उजवा हात डायमध्येच होता. तर्जनीचं एक पेर गेलं.

उपचार झाले, भरपाई दिली. पण माझी झोप उडाली. चिकटपट्टी त्याच संध्याकाळी काढली, पुढे प्रेसना लाईट कर्टन, म्हणजे हात मध्ये आला की प्रेस थांबवणारे प्रकाशाचे पडदे, बसवले. माझ्या आवाजाचं काय करायचं, ते मात्र कळत नव्हतं.

थोरल्या बहिणीने इगतपुरीचं नाव काढलं. तिथलं विपश्यना ध्यानाचं केंद्र धम्मगिरी आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, आणि मी कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. २०१३च्या पावसाळ्यात दहा दिवसांच्या शिबिराला गेलो. पहाटे चारला घंटा. फोन नाही, वही नाही, बोलणं नाही. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. तिसऱ्या दिवशी मी मनातल्या मनात माल घेणाऱ्या चार पार्ट्यांशी भांडून मोकळा झालो होतो. चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना बघायला शिकवतात, आणि तासभर न हलता बसायचं असतं. तिथे पहिल्यांदा कळलं की माझा राग आधी कानात येतो. कान तापतात, मग दात आवळले जातात, आणि त्यानंतर तोंड उघडतं. चाळीस वर्षांत मला फक्त शेवटची पायरी माहीत होती.

संध्याकाळच्या प्रवचनांतून ही विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोएंका यांचे गुरू ऊ बा खिन यांच्याबद्दल ऐकलं. ते भिक्षू नव्हते, स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते, आणि कचेरीतल्या माणसांनाही ध्यान शिकवायचे. गोएंका स्वतः व्यापारी घरातले, अर्धशिशीने हैराण होऊन त्यांच्याकडे गेलेले. हिशेबाच्या वह्यांमध्ये बसणारी माणसं हे करू शकली, याचा मला फार आधार वाटला.

परत आलो आणि उत्साहाच्या भरात सगळ्यांना रोज दहा मिनिटं डोळे मिटून बसवायला लागलो. आठवड्यात मामा केबिनमध्ये आले. म्हणाले, "साहेब, आम्ही माळकरी. आमचं आम्हाला आहे. मशीद जवळ करणारी पोरंही आहेत आपल्यात. पगार देणाऱ्याने डोळे मिट म्हटलं की माणूस मिटतो, पण आत काही होत नाही." कान तापले. पण त्या दिवशी ते तापलेले मला कळले, आणि मी गप्प राहिलो.

मग मामांनीच वारीतली एक रीत सांगितली. माऊलींची पालखी मुक्कामाला पोचली की संध्याकाळी समाजआरती होते. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चोप उंच करतो आणि सगळं शांत होतं. पण एखाद्या दिंडीला काही तक्रार असेल तर ती टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणं ऐकलं जातं, आणि मगच आरती होते.

मला हे अतिशय मोठं वाटलं. इतक्या माणसांची शांतता, आणि तीत एका दिंडीचा टाळ ऐकू यावा अशी सोय.

आम्ही ते आमच्या बेताने घेतलं. सकाळी शिफ्टच्या आधी दोन मिनिटं सगळी मशिनं बंद. डोळे उघडे ठेवायचे की मिटायचे, ज्याचं त्याने ठरवावं. दोन्ही हात बटणांवर, नजर डायवर, क्लॅम्प घट्ट आहेत का, कर्टन चालू आहे का. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने जुन्या डाय प्लेटवर पान्याने ठोका द्यायचा. ठोका पडला की ऐकून झाल्याशिवाय प्रेस सुरू होत नाही. दुसरा नियम प्रेसभोवतीच्या जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याचा : प्रेस चालू असताना ऑपरेटरशी कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा नाही. पट्ट्यामागे उभं राहायचं, तो स्वतः थांबेपर्यंत.

पहिले चार महिने ठोका पडलाच नाही. मला वाटलं, सगळं ठीक आहे. आता कळतं, त्यांना माझी खात्री नव्हती. पहिला ठोका त्या मुलाने दिला, ज्याचं पेर गेलं होतं. न विचारता मी रात्रपाळीची ऑर्डर घेतली होती. त्याने सरळ सांगितलं, सलग चौथी रात्र आहे, प्रेसवर डोळा लागतो. मी अर्धी ऑर्डर परत केली. ती पार्टी पुन्हा आमच्याकडे आली नाही. त्या वर्षी मशीन घ्यायचं राहिलं. घरी बोलणी खावी लागली, आणि ती खोटी नव्हती.

रोज पहाटे मी अजून बसतो. आवाज अजूनही चढतो, महिन्यातून एखाद-दोनदा, आणि मग सगळ्यांसमोर ओरडलो असेन तर सगळ्यांसमोरच माफी मागतो. आषाढात मामांसोबत तिघे-चौघे वारीला जातात. पूर्वी मी तोंड वाकडं करायचो, आता ज्येष्ठातच माल पुढे काढून ठेवतो.

मामा गेल्या वर्षी कामावरून थांबले. पाना त्यांनीच तीन नंबरच्या प्रेसजवळ खिळ्याला अडकवून ठेवला आहे. गेल्या सोमवारी वीस दिवसांपूर्वी लागलेल्या हेल्पर पोरीने तो उतरवला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ठोका दिला. बोलायला तिला बराच वेळ लागला. मी स्टूल ओढून बसलो.